आवाजाचा पोत

३ नोव्हेंबर

चि. भुंग्यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मंगळवारी पोचलं. पाकिटात काहीतरी जाड आहे हे हाताला लागलं, म्हणून आधी चष्मा पुसून घेतला आणि मगच पाकीट फोडलं. छोटीचा फोटो टेबलावरच्या दिव्याला टेकवून ठेवला आहे. नाक आपल्याकडचं नाही, ते जावईबापूंच्या घरचं. कपाळावरची ती आठी मात्र, 'मला हे पटलेलं नाही' अशी, थेट तुझ्याकडून आलेली. चार महिन्यांचं पोर आणि आत्तापासून एवढी नापसंती! पुढे तुझं कसं होणार याची मला काळजी वाटते, आणि खरं सांगायचं तर थोडी गंमतही वाटते.

माझी तब्येत ठीक. गुडघे कुरकुरतात, पण जिना अजून चढू देतात. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी कोशाच्या ऑफिसातून बोलावणं आलं आहे. नवी आवृत्ती निघते आहे, आणि जुन्या चुका जुन्या लोकांनीच निस्तराव्यात असं वरच्यांनी ठरवलेलं दिसतं. मला 'टी' अक्षर दिलं आहे. ते लांबट लाकडी खण तुला आठवत असतील. एका कार्डावर एक इंग्रजी शब्द, त्याचे आपल्या भाषेतले अर्थ आणि एखादं उदाहरण. शाळा सुटल्यावर तू तिथे यायचीस आणि अभ्यास करताना इतकी गुणगुणायचीस की सगळं ऑफिस तुला भुंगा म्हणायचं. त्या खणांत तू खडू लपवायचीस. परवा 'ट्रेन'च्या मागे एक सापडला.

सध्या एका शब्दापाशी अडलो आहे. टॅम्बर. लिहितात टी-आय-एम-बी-आर-ई, म्हणून इमारती लाकडाच्या 'टिंबर'नंतर लगेच येतो, पण आहे संगीतातला. समज, बासरीने आणि व्हायोलिनने एकच सूर, एकाच पट्टीत, तेवढ्याच जोराने धरला. तरी डोळे मिटून तुला कळतं की ही बासरी आणि हे व्हायोलिन. कशावरून कळतं? त्याला म्हणायचं टॅम्बर. पट्टी नव्हे, जोर नव्हे. ते दोन्ही बाजूला काढल्यावर जे उरतं ते. माझ्या जुन्या कार्डावर मी 'स्वरगुणधर्म' असं लिहून ठेवलेलं आहे. वाचून माझेच दात शिवशिवले. 'तिचा स्वरगुणधर्म गोड आहे' असं कोण कधी बोललं? शब्द बदलायला हवा. पण त्या कार्डापाशी आलं की पेन चालत नाही, आणि मी उठून चहा करतो.

आता तू विचारलंस त्याबद्दल. आईचा आवाज कुठे असेल तर पाठवा, छोटीला ऐकवायचा आहे, असं तू लिहिलं आहेस. भुंग्या, तो कुठेच नाही. बोलता कोश करायला घेतला होता तो आठवत असेल. अंध विद्यार्थ्यांसाठी सगळा कोश वाचून टेपवर घ्यायचा होता, आणि तुझी आई शाळेतलं शिकवणं आटोपून दुपारी तो वाचायला यायची. ती आजारी पडल्यावर दुसऱ्या बाई आल्या. एका कोशाला एकच आवाज असावा, म्हणून त्यांनी 'ए'पासून पुन्हा वाचलं. नव्या टेप मिळायची मारामार. जुन्यांवरच नवं घ्यायची ऑफिसची पद्धत. त्यात तिचं सगळं पुसलं गेलं. घरी आपण कधी काही रेकॉर्ड केलं नाही. मनुष्य समोर बोलत असताना त्याचा आवाज साठवून ठेवावा असं कोणाच्या डोक्यात येतं?

'तिने दुखणं लपवलं, निदान आवाज तरी मागे ठेवायचा होता' असं वाक्य तू लिहिलं आहेस. त्यावर मी काय लिहू? तिला जाऊन अकरा वर्षं झाली. झालं गेलं उकरून हाती काही लागत नाही.

थंडी पडायला लागली आहे. छोटीचे कान झाकत जा. जावईबापूंना नमस्कार.

तुझे,
बाबा


२१ नोव्हेंबर

चि. भुंग्यास अनेक आशीर्वाद.

लगेच दुसरं पत्र पाहून चक्रावली असशील. सोबत कॅसेट आहे. जपून उघड, आणि आधी बस.

तुझ्या आईचा आवाज सापडला.

सांगतो नीट. तू लिहिल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. कार्डांचं निमित्त करून ऑफिसात गेलो आणि खाली रेकॉर्डिंगच्या खोलीत बोक्याला भेटलो. बोका तुला आठवेल. पायांचा आवाज न करता चालणारा आपला रेकॉर्डिस्ट. आता केस पिकलेत, पोट सुटलंय, पण चालणं तसंच. मी मागे वळेपर्यंत उभा. त्याला म्हटलं, कोशाच्या वेळची एखादी जुनी टेप चुकून राहिली आहे का? त्याने चालू मशीन बंद केलं. मग म्हणाला, "चुकून नाही साहेब, मुद्दाम राहिली आहे."

रोज सकाळी काम सुरू करण्याआधी तो मशीन तपासतो. चाकं सारख्या वेगाने फिरतात का, आवाज थरथरतो का, हे पाहायला ओळखीची टेप लावून बघावी लागते. सगळ्या टेप पुसायला निघाल्या तेव्हा त्याने 'टी'ची एक त्यासाठी बाजूला ठेवली. कोणाला सांगितलं नाही. "अकरा वर्षं रोज सकाळी आधी वहिनी बोलतात, मग आमचं काम सुरू होतं," म्हणाला. मशीनमध्ये जराही बिघाड झाला तर वहिनींच्या आवाजावरून लगेच कळतो, असंही म्हणाला. बोलताना तो मशीनवरची नसलेली धूळ पुसत होता. मी खुर्चीत बसलो.

त्याने ती लावली. भुंग्या, माझं वय एकोणसत्तर. शब्दांवर पोट भरलेला माणूस मी. पण त्या खोलीत मी शब्द ऐकलेच नाहीत, नुसता तिचा आवाज ऐकला.

कॅसेटवर चार मिनिटं आहेत. ती शब्द वाचते, मग अर्थ. आवाज थोडा घोगरा वाटेल. अधूनमधून तुटतोही, टेप जुनी, जागोजागी खराब झालेली, म्हणून बोक्याने चांगला तेवढाच भाग उतरवून दिला. ज्या शब्दापाशी मी अडलो आहे, तोही तिच्या तोंडून येतो.

त्या शब्दाचं थोडं पुढे सरकलं आहे. उदाहरणं गोळा करत बसलो होतो. इंग्रजीत टॅम्बर गडद असतं, उजळ असतं, उबदार असतं. गाणारीचं असतं, घंटेचं असतं. ते चढवता येत नाही, उतरवता येत नाही. पट्टी बदलली तरी माणसाची ओळख तीच राहते. फ्रेंच लोक तर पोस्टाच्या तिकिटालाही हाच शब्द वापरतात. आईला सांगितलं असतं तर तिने मला अर्धा तास छळलं असतं, 'कोपऱ्यावरून चार टॅम्बर घेऊन या' म्हणून.

छोटी काय करते ते मला लिही. सगळं लिही, काही गाळू नकोस.

तुझे,
बाबा


१२ डिसेंबर

प्रिय भुंग्या,

तुझं पत्र आलं त्याला आठवडा झाला. मी चार वेळा लिहायला बसलो. आता पाचव्यांदा बसलो आहे, आणि पत्र पुरं झाल्याशिवाय उठणार नाही.

छोटी रडता रडता थांबली आणि आवाजाच्या दिशेने मान वळवून बघत राहिली, हे मी इतक्या वेळा वाचलं की त्या घडीवर कागद फाटायला आला. तेवढंच लिहून तू थांबली असतीस तर मीही थांबलो असतो. भित्रा माणूस आहे मी, आणखी अकरा वर्षं सहज काढली असती. पण पुढे तू लिहिलंस: 'बाबा, आवाज केवढा घोगरा आहे! म्हणजे तिला तेव्हाच कळत होतं. आठवड्यामागून आठवडे वाचत राहिली आणि आपल्याला एका शब्दाने बोलली नाही. छोटी झाल्यावर वाटलं होतं की आता तिच्यावरचा राग जाईल. हे ऐकल्यावर तो दुप्पट झाला. कॅसेट मी कपाटात टाकली आहे.'

ती कपाटातून काढ. आणि ही दुसरी, जी सोबत पाठवतो आहे, ती ऐक. आधीची मी तुला खोटं बोलून पाठवली. टेप कुठेही खराब नाही. बोक्याने विचारलं होतं, "साहेब, नुसते शब्द उतरवू का सगळं?" मी म्हटलं, नुसते शब्द. तो "बरं" म्हणाला आणि माझ्याकडे न बघता कामाला लागला. त्याला सगळं ठाऊक होतं.

गाळलं ते असं.

रेकॉर्डिंगच्या खोलीत काच असायची. पलीकडे आई, अलीकडे मी. वाचताना चूक झाली की मी बटण दाबून तिला थांबवायचो, आणि माझा आवाज तिच्या खोलीतल्या भोंग्यातून येऊन टेपवरही जायचा. तो मार्चचा पहिला आठवडा. ती वाचते, "टॅम्बर. नाम. आवाजाचा पोत." मी म्हणतो, "थांब. कार्डावर पोत नाहीये. स्वरगुणधर्म आहे." ती हसते. म्हणते, "स्वरगुणधर्म कोणाला कळणार आहे हो? पोत म्हटलं की हाताला लागतो." मी म्हणतो, "कार्डावर आहे ते वाच. आणि आवाज घोगरा येतोय. पाणी पी, परत घेऊ." ती पाणी पिते, तेही ऐकू येतं. मग म्हणते, "दोन आठवडे झाले हो, जातच नाहीये हा घोगरेपणा. गिळतानाही कसंतरी वाटतं. एकदा दाखवून येऊ या का?"

आणि मी म्हणतो, "झेड होऊ दे."

एवढंच. चिडून नाही, ओरडून नाही. उद्या पोस्टात जाऊन ये म्हणावं तितक्या सहज. डिसेंबरात कोश पुरा करून द्यायचा होता, आम्ही मागे पडलो होतो, आणि ती एकदा डॉक्टरांच्या दारात बसली की दुपार गेली, असा माझा हिशेब. ती पेला खाली ठेवते, तोही आवाज टेपवर आहे. मग म्हणते, "बरं. झेड होऊ दे." खाकरते आणि पुढचा शब्द वाचते. "टाइम. नाम. वेळ." हे मी जुळवलेलं नाही, भुंग्या. वर्णक्रमच तसा आहे.

तिने काही लपवलं नाही. तिने विचारलं होतं. मला विचारलं होतं.

आता तुला हेही कळायला हवं. घोगरेपणा माझ्या कानांना सगळ्यांच्या आधी लागला. तो माझा धंदाच होता, दोन आवाजांतला फरक ओळखणं. तपासणीच्या वहीत मी रोज लिहीत होतो: 'घोगरा, पुन्हा घ्या.' 'आवाज बसलेला, पुन्हा.' तारखांसकट. एका बाईच्या आवाजाची जात बदलत चालली आहे हे मी सात महिने स्वच्छ अक्षरात नोंदवलं, आणि प्रत्येक वेळी ती मला वाचनातली चूक वाटली. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या कर, म्हणालो. हळू वाच, म्हणालो. 'डब्ल्यू'पाशी तिच्या तोंडून आवाजच फुटेना, तेव्हा कुठे आम्ही दवाखान्यात गेलो.

तिथे तू होतीस. सतरा वर्षांची, शाळेचं दप्तर मांडीवर. डॉक्टरांनी विचारलं, "आवाज असा कधीपासून?" आई म्हणाली, "महिना झाला असेल." माझ्या गुडघ्यावर तिचा हात होता, तो तिने घट्ट दाबला. डॉक्टर वैतागून म्हणाले, "महिन्याभरात एवढं होत नाही. सहा-सात महिने आधी आला असतात तर मी वेगळं बोललो असतो. लपवलंत तुम्ही." तो शब्द तू तिथून उचललास, आणि मी तो तुझ्या हातात राहू दिला. तू तिच्याकडे कसं बघितलंस ते मी पाहिलं. तोंड उघडलं असतं तर चार शब्दांत काम झालं असतं. मी मूग गिळून बसलो.

शस्त्रक्रियेनंतर ती पाटीवर लिहून बोलायची हे तुला आठवतं. तू खोलीत यायचं टाळायचीस, आणि आलीस तर खिडकीपाशी उभी राहायचीस. एकदा तू निघून गेल्यावर मी तिला म्हटलं, मी पोरीला खरं काय ते सांगतो. तिने पाटी ओढून घेतली आणि लिहिलं: 'नको. तिला आता तुम्हीच उरणार. तुमच्यावर राग नको.' मी वाचल्याची खात्री केली आणि हाताने पुसून टाकलं.

तिने सांगितलं म्हणून मी गप्प राहिलो, असं मी अकरा वर्षं स्वतःला बजावत आलो. ते खरं नाही. मला ते सोयीचं होतं म्हणून मी गप्प राहिलो. आणि टेप 'पुसल्या गेल्या' असं मी तुला लिहिलं, तेही खोटं. त्या मी पुसायला लावल्या. एका कोशाला एकच आवाज, हे कारण मीच शोधून काढलं, मीच कागदावर लिहिलं, मीच खाली सही केली. त्यांच्यावर तिचा आवाज होता आणि मधूनमधून माझा होता. मला माझा नको होता. त्यापायी तिचाही घालवला. एक बोका तेवढा शहाणा निघाला.

परवा मी त्याच्याकडे परत गेलो. म्हटलं, सगळं उतरव. त्याने विचारलं, "नक्की ना साहेब?" मी म्हटलं, नक्की. यंत्र चालू करून तो बाहेर जाऊन उभा राहिला. मी एकटा बसून शेवटपर्यंत ऐकलं. तिच्या 'बरं'पाशी मी मोठ्याने रडलो. भिंती आवाज बाहेर जाऊ देत नाहीत, हे माझ्या पथ्यावर पडलं. नंतर बोका आला आणि म्हणाला, "रोज मी दहा शब्द ऐकतो आणि थांबवतो. पुढचं एकदाच ऐकलं होतं." आणि त्याने माझ्यासाठी पाणी आणलं.

तिची आज्ञा मी मोडतो आहे. तिचा हिशेब साफ चुकला, हे तिला सांगायची सोय नाही. तुला मी उरावा म्हणून ती खोटं बोलली, आणि तू माझ्यापासूनही दूर गेलीस. वर्षातून दोन पत्रं, त्यात हवामान. तिच्यावरचा राग तू वाहत राहिलीस, आणि मी जवळ उभा राहून ते ओझं बघत राहिलो, ज्यावर माझं नाव होतं. ते आता मला दे. तुझ्या घरी तिचा फोटो नाही, हे गेल्या वेळी आलो तेव्हा मी पाहिलं होतं. तो लाव एवढंच सांगायला हे सगळं लिहिलं. माझ्याशी बोलायचं की नाही, ते नंतर बघ. नाही बोललीस तरी माझी तक्रार नाही. ऐकताना छोटी जवळ नको. आधी तू एकटी ऐक.

ते कार्ड मी काल पुरं केलं. जुना अर्थ खोडला. आता तिथे असं आहे: 'टॅम्बर. नाम. आवाजाचा पोत. एकच शब्द दोघांनी एकाच पट्टीत उच्चारला, तरी त्यातलं आपलं माणूस कोणतं हे ज्यावरून कळतं तो.' संपादकांनी भुवया उंचावल्या; पोत कापडाला असतो, म्हणाले. मी म्हटलं, ज्या बाईने हा शब्द सुचवला तिला विचारायला फार उशीर झाला आहे, तेव्हा राहू द्या.

कॅसेटवर दोन आवाज आहेत. तिचा तू छोटीला रोज ऐकव. दुसरा कोणाचा असं तिने मोठी झाल्यावर विचारलं, तर खरं सांग.

'झेड होऊ दे' म्हणणारा तो,
तुझा बाबा